डायरी नको, वही द्या

मोटार अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या खानदेशातल्या आम्हा वकिलांच्या संघटनेच्या गेल्या वार्षिक सभेत सभासदांना द्यायच्या डायरीच्या कव्हरवर पाऊण तास चर्चा झाली. मरून की निळं, अक्षरं सोनेरी की साधी, सुट्ट्यांची यादी पुढे की मागे. एका ज्येष्ठांनी हात वर करून सांगितलं की डायरी छोटी पडते, शनिवारच्या पानात तारखा मावत नाहीत. टाळ्या पडल्या. मग निवृत्त न्यायाधीशांचा सत्कार, शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो, आणि शेवटी भरीत-पुरी. बामणोदच्या वांग्यांचं भरीत होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

शेवटून दुसरा विषय होता 'ऐनवेळी येणारे विषय'. शहाद्याकडच्या एका तरुण वकिलाने उभं राहून विचारलं, "सर, मुकादमाच्या वहीवरून मजुराचं उत्पन्न धरलेलं एखादं अवॉर्ड कोणाकडे आहे का? माझा पुरावा पुढच्या महिन्यात आहे." अवॉर्ड म्हणजे अपघात न्यायाधिकरणाचा भरपाईचा निकाल. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "ते आपण बाहेर बोलू." बाहेर भरीत होतं. बोलणं झालं नाही.

मला तो प्रश्न लागला, कारण तोच प्रश्न काही वर्षांपूर्वी माझा होता आणि मी तो कोणाला विचारलाही नव्हता.

रावेर तालुक्यातली बाई होती. नवरा केळी भरणाऱ्या टोळीत. पहाटे मळ्यातून परत येताना मागून ट्रकने उडवलं. वय ३४, मागे बायको, दोन लेकरं, म्हातारी आई. टोळीतल्या मजुराला पगारपत्रक नसतं, बँकेत काही जमा होत नाही. मुकादम शंभर पानी वहीत नावापुढे रेघा मारतो, आठवड्याला हिशेब करतो, संपलं. मी बाईचा जबाब घेतला, शेजाऱ्याचा घेतला. न्यायाधिकरणाने पुराव्याअभावी महिना ६,००० रुपये धरले. हिशेब कायद्याने बरोबर: चाळिशीच्या आतला, स्वतःच्या कष्टावर कमावणारा, म्हणून ४० टक्के भविष्यातली वाढ, ८,४००, चार अवलंबित म्हणून पाव हिस्सा वजा, ६,३००, वर्षाचे ७५,६००, वयावरून ठरणारा गुणक १६. झाले १२,०९,६००.

अवॉर्ड लागल्यावर काही महिन्यांनी बार रूममध्ये चहा घेताना माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसणाऱ्या सहकाऱ्याने सहज सांगितलं की त्याच्या एका दाव्यात त्याने मुकादमालाच साक्षीदार म्हणून आणलं होतं, वहीला पुरावा म्हणून निशाणी पडली होती आणि १०,००० धरले गेले होते. माझ्या दाव्यात १०,००० धरले असते तर तोच हिशेब २०,१६,००० वर गेला असता. आठ लाख सहा हजार चारशे रुपयांचा फरक. मधे दोन टेबलं.

चूक माझी होती, ती संघटनेवर ढकलत नाही. मुकादमाला आणायचं मला सुचायला हवं होतं. पण मी त्या संघटनेचा वर्गणी भरणारा सभासद होतो, तोही होता, आणि 'सभासद सेवा' या शब्दाला काही अर्थ असेल तर तो त्या दोन टेबलांच्या मधल्या जागेत शोधावा लागेल. डायरीत तो सापडणार नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबार या आमच्या खानदेशात या कामाला तोटा नाही, हे दुर्दैवाने खरं आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन जुने महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. केळीचे ट्रक, कापसाच्या गाड्या, मजुरांनी भरलेले पिकअप, रात्री लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या, सगळं त्याच रस्त्यांवर. जुलै २०२३ मध्ये शिरपूर तालुक्यात पळासनेरला कंटेनर थेट रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि त्यावर बसलेले रावेरकडचे मजूर गेले. असा अपघात पेपरात दोन दिवस राहतो, कोर्टात वर्षानुवर्षं. आणि कोर्टात पहिला प्रश्न येतो तो असा: मालाच्या गाडीवर बसलेला मजूर म्हणजे हमालीसाठी नेलेला कामगार, मालाच्या मालकाचा माणूस, की फुकट प्रवासी? पहिल्या दोघांची जोखीम विम्यात येते, तिसऱ्याची येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्येच आशा राणी प्रकरणात सांगून ठेवलं आहे. म्हणजे तो मजूर माल भरायला-उतरवायलाच गाडीवर होता हे कोणत्या कागदाने आणि कोणाच्या तोंडून शाबित करायचं, यावर एका घराचं पुढचं आयुष्य ठरतं. जळगावात एकाने ते शाबित केलेलं असतं, भुसावळात दुसऱ्याचं फसलेलं असतं, आणि नंदुरबारचा तिसरा सगळं पहिल्यापासून शोधत बसतो.

समोरच्या बाजूला असं नसतं. विमा कंपनीचा पॅनेलवरचा वकील एकटा दिसतो, पण त्याच्यामागे कंपनीचं कार्यालय असतं आणि तिन्ही जिल्ह्यांतली त्या कंपनीविरुद्धची सगळी अवॉर्डं तिथे येऊन पडतात. कोणत्या कोर्टाने शेतमजुराला किती धरले, कोणत्या डॉक्टरचा दाखला उलटतपासात टिकत नाही, व्याज साडेसात टक्के लागतं की नऊ, हे त्यांना बसल्या जागी कळतं. एकदा युक्तिवादाच्या आधी अशाच एका वकील मित्राने मला फाइल उघडून दाखवली आणि हसून म्हणाला, "काय भो, हे तुमच्याच माणसाचं मागच्या वर्षीचं अवॉर्ड. पाच हजारच धरलेत." मी ते अवॉर्ड पहिल्यांदाच पाहत होतो.

दावेदारांच्या वकिलांनी मनात ठेवायची गोष्ट हीच आहे. शेजाऱ्याने फाइल कच्ची चालवली की त्याचा पक्षकार तर बुडतोच, पण ते अवॉर्ड पुढच्या महिन्यात माझ्या दाव्यात माझ्याविरुद्ध दाखवलं जातं. म्हणून 'माझ्या मेहनतीचे कागद मी स्पर्धकाला फुकट का देऊ' हा जो आक्षेप दरवेळी येतो, तो मला हिशेबानेच पटत नाही. एक तर अवॉर्ड हा सार्वजनिक कागद आहे, नकलेचा अर्ज केला की कोणालाही मिळतो. आणि मेहनत अवॉर्डात नसते, ती साक्षीदार उभा करण्यात, उलटतपासात असते. ती कोण कशी चोरणार?

कोणी म्हणेल, सगळं कोर्टांच्या ई-कोर्ट वेबसाइटवर आहेच की. आहे. खटल्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाका किंवा पक्षकाराचं नाव टाका, रोजनाम्यासकट सगळं उघडतं. पण ज्याला नाव माहीत नाही त्याने काय टाकायचं? 'केळी भरणारा मजूर, वय ३४, मुकादमाची वही' असं लिहून काही शोधता येत नाही. माहिती उघडी असणं आणि ती कामाच्या वेळी हाताशी लागणं यांत फार अंतर आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की संघटनेने एक वही ठेवावी. कॉम्प्युटरवर ठेवली तरी तिला वहीच म्हणू. तिन्ही जिल्ह्यांत लागणाऱ्या प्रत्येक अवॉर्डाची एक ओळ. कोणतं न्यायाधिकरण, कोणतं वर्ष, मयत किंवा जखमीचा धंदा आणि वय, उत्पन्नाचा पुरावा काय दिला, किती धरलं, दाखल्यावर अपंगत्व किती टक्के आणि कोर्टाने कमाईची हानी किती मानली, पैसे कंपनीने द्यायचे की मालकाने, की कंपनीने आधी भरून मालकाकडून वसूल करायचे, व्याज, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अपील झालं असेल तर पुढे काय झालं. पक्षकाराचं नाव-गाव गाळायचं. ओळीला अवॉर्डाची स्कॅन जोडलेली. महिन्याला नव्या ओळी सगळ्यांना पाठवायच्या. यात काही अवघड नाही. लागतं ते इतकंच की प्रत्येकाने आपलं हरलेलं अवॉर्डही द्यायचं. जिंकलेलं द्यायला सगळे तयार असतात, ते फ्रेम करूनही देतील.

ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली दफ्तरं आजही जपून ठेवलेली आहेत, त्या धुळ्याच्या वकिलांना आपल्याच जिल्ह्यातल्या गेल्या दहा वर्षांच्या अवॉर्डांचं दफ्तर लावता येत नाही, याचा मला थोडा संकोच वाटतो.

विमा कंपन्यांचे पॅनेल वकीलही संघटनेचे सभासद आहेत, त्यांनाही वही मिळणार का, असं एकाने मला खासगीत विचारलं. मिळावी. त्यांच्याकडे ती आधीपासूनच आहे, आपल्याकडे नाही. दोघांकडे सारखी झाली तर नुकसान कोणाचं होईल, याचा विचार ज्याने त्याने करावा. उलट दोन्ही बाजूंना आकडे ठाऊक असतील तर लोकअदालतीत घासाघीस कमी होईल. आज लोकअदालतीत तडजोड होते ती बऱ्याचदा अंदाजावर. दावेदाराच्या वकिलाला पलीकडे सरासरी काय चाललंय ते माहीत नसतं, कंपनीच्या माणसाला असतं, आणि सही करणारी बाई दोघांच्या तोंडाकडे पाहत असते.

यानंतर मुदतीचा प्रश्न. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, १९९४ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि पंचवीसहून जास्त वर्षं आमच्या पिढीने मुदतीचा विचार न करता दावे दाखल केले. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कोणी फाइल पडून ठेवू नये. त्याच दुरुस्तीसोबत आलेल्या नियमांनी पोलिसांवर जबाबदारी टाकली आहे: अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे, आणि तो अहवालच दाव्याचा अर्ज समजायचा. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याची नीट अंमलबजावणी करा म्हणून बजावलं. नियमांमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जखमीला किंवा वारसांना त्यांच्या हक्कांचा एक छापील नमुना दहा दिवसांत द्यायचा. माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांना मी गेली दोन वर्षं विचारतोय, हा कागद मिळाला का. एकानेही तो खिशातून काढून दाखवला नाही.

एकटा वकील पोलीस ठाण्यात जाऊन हे मागायला लागला की तो 'क्लेमचा वकील आला' म्हणून ओळखला जातो, आणि ती ओळख फार चांगली नाही. संघटनेने मागितलं तर तसं होत नाही. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना दर तीन महिन्यांनी एक पत्र: अमुक ठाण्यांतून किती पहिले अहवाल गेले, किती सविस्तर गेले. आणि हक्कांचा तो नमुना मराठीत, अहिराणीत, पावरीत आणि भिलीत तयार करून ठाण्यांना आणि सिव्हिल हॉस्पिटलला द्यायचा, खाली कोणत्याही वकिलाचं नाव नाही, म्हणजे वकिलांवरच्या जाहिरातबंदीचाही प्रश्न नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, अपघात तिकडे होतो, आणि दावा तिकडेच लावावा लागेल असं समजून गप्प बसतात. दावेदार राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही दावा करता येतो, कलम १६६ मध्ये ते स्पष्ट आहे. ही एक ओळ त्यांच्या भाषेत त्या कागदावर आली तरी पुरे. पक्षकार वेळेत वकिलाकडे पोचणं ही वकिलाचीच सेवा आहे.

डॉक्टरांच्या साक्षीचाही एक जुना वनवास आहे. अस्थिरोगतज्ज्ञ येत नाहीत, आले तर ओपीडी सोडून दिवसभर बाकावर बसतात, पुढच्या वेळी दाखलाच देत नाहीत. २०१० च्या राजकुमार वि. अजयकुमार निकालात डॉक्टरांना ठरावीक वेळ द्या, कोर्टाने नेमलेल्या कमिशनरपुढे जबाब घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सुचवलेलं आहे. संघटनेने प्रमुख न्यायाधीशांना भेटून महिन्यातला एक दिवस डॉक्टरांसाठी मागून घ्यावा. ज्याच्या गुडघ्यात रॉड आहे त्याचं अपंगत्व दाखल्यावर १५ टक्के असतं, पण तो केळीचा घड खांद्यावर घेऊन बांधावरून चालणारा असेल तर त्याची कमाई किती गेली, हे त्या डॉक्टरच्या तोंडून यावं लागतं. त्याशिवाय कोर्टाच्या कागदावर पंधराचे पंधराच राहतात.

आता ज्याबद्दल आमच्या सभेत कोणीही बोलत नाही ते. अवॉर्डानंतरचे पैसे.

आमच्याकडे अवॉर्ड लागलं की फाइल मिटते, वकिलाच्या मनात तरी. पण दावेदाराच्या घरी त्याच दिवसापासून विचारणा सुरू होते. "साहेब, पैसा कवय भेटतीन?" कंपनी अपिलात जाते, त्यासाठी तिला २५,००० रुपये किंवा निम्मी रक्कम यांतलं जे कमी असेल ते भरावं लागतं, म्हणजे मोठ्या अवॉर्डात पंचवीस हजारांत काम भागतं, उरलेली रक्कम स्थगिती देताना खंडपीठ भरायला लावेल तेव्हा. मग कधीतरी रक्कम जमा होते, मुलांचा हिस्सा अठरा वर्षांपर्यंत मुदतठेवीत जातो. तोवर कुटुंब गाव सोडून गेलेलं असतं, बाईचा मोबाइल नंबर तीनदा बदललेला असतो, आणि नोटीस परत येते, बेलिफाच्या अक्षरात: 'सदर इसम दिले पत्त्यावर मिळून आला नाही.' २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या विषयाची दखल घेतली. देशभरच्या न्यायाधिकरणांत अशा बेवारस पडून असलेल्या रकमा मोठ्या आहेत, दावेदारांचे आधार, बँक खाते हे तपशील आधीच घ्या, असे निर्देश एप्रिल २०२५ मध्ये दिले. चांगलं झालं. पण गाव सोडून गेलेली बाई शोधायला दिल्लीहून कोणी येणार नाही. ती कुठे गेली असेल ते सांगू शकतो तो तिचा वकील, आणि वकिलाच्या कपाटातली ती फाइल.

आणि तो वकीलच राहिला नाही तर? कोरोनात आमचे काही सहकारी गेले. त्यातल्या एकाच्या घरी मी दोन वर्षांनी गेलो होतो. मागच्या खोलीत लोखंडी कपाट, वर वाळवणाचे डबे, आत पंधरा-वीस वर्षांच्या फायली सुतळीने बांधलेल्या. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, लोक येतात, विचारतात. मला काय सांगू कळत नाही. रद्दीत घालायला मन होत नाही." मी त्या दिवशी सहा फायली घेऊन आलो. त्यातल्या दोनांत पैसे कोर्टात जमा होते आणि कोणाला पत्ता नव्हता.

सभासद निवृत्त झाला किंवा गेला तर त्याच्या चालू आणि मिटलेल्या फायलींची यादी करून, पक्षकारांना कळवून, त्यांच्या संमतीने त्या कोणाकडे तरी सोपवणं, ही सेवा कुठल्या डायरीत बसते? शोकसभा आम्ही घेतो, फोटोला हार घालतो, दोन मिनिटं उभे राहतो. फायलींचं काय झालं ते कोणी विचारत नाही. माझ्या मते संघटनेच्या घटनेत यासाठी स्वतंत्र कलम हवं, आणि प्रत्येक सभासदाने वर्गणी भरतानाच आपल्यामागे फायली कोणी पाहायच्या त्या दोघांची नावं लिहून द्यावीत. विम्याच्या नॉमिनीसारखं. विम्याच्या वकिलांना नॉमिनीचं महत्त्व समजावून सांगायची वेळ यावी, हेही एक आश्चर्यच.

दलालांबद्दल थोडक्यात, कारण लिहून काही होईल अशी आशा मला कमी आहे. अपघात झाल्यावर दवाखान्याच्या दारातच 'आमचे साहेब बघतील सगळं' म्हणणारा माणूस उभा असतो हे सगळ्यांना माहीत आहे. वकील कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने कलम ४५-अ आलं, दलालांच्या याद्या लावण्याचा अधिकार आता उच्च न्यायालयाला आणि जिल्हा न्यायाधीशांना आहे. निकालावर टक्केवारी ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे, आणि टक्केवारी किती चालते हेही. यावर संघटनेचं मौन ही दलालांना दिलेली सगळ्यात मोठी सेवा आहे. फीची एक वाजवी पद्धत लिहून सभासदांना द्या, निदान नव्या पोरांना तरी. आज ते टक्केवारी सोडून दुसरं काही पाहतच नाहीत आणि तेच रीत समजतात.

क्रिकेटच्या सामन्यांना, कुटुंबमेळाव्याला माझा विरोध नाही. ॲप काढण्याच्या प्रस्तावाला मात्र आहे, कारण ॲपमध्ये काय घालायचं ते आधी जमवावं लागतं.

पैशांचं बोलू. आमची वर्गणी वर्षाला ५०० रुपये आहे आणि ती वसूल करायला खजिनदाराला मार्चपर्यंत मागे लागावं लागतं. वही ठेवायची तर कायद्याचं शिक्षण घेणारा एक मुलगा अर्धवेळ, एक स्कॅनर, थोडं इंटरनेट. वर्गणी १,५०० करा. एका तारखेला धुळ्याहून कन्नड घाट चढून खंडपीठात जायला गाडीचं डिझेल याहून जास्त लागतं. जो सभासद वही मिळूनही दीड हजार द्यायला कुरकुर करेल, त्याने डायरीचे वेगळे पैसे भरावेत, ती त्याला घरपोच मिळेल.

मी माझी ४३ अवॉर्डं दिली आहेत, रावेरच्या त्या बाईचं पहिलं. अपिलात तिचं प्रकरण अजून सुनावणीच्या बोर्डावर यायचं आहे. आणखी चौघांनी द्यायचं कबूल केलं, त्यातल्या दोघांनी खरंच दिली. डायरी छोटी पडते म्हणणाऱ्या त्या ज्येष्ठांनी परवा कारकुनाच्या डोक्यावर एक पेटी पाठवली, आतली सगळ्यात जुनी फाइल १९९६ ची, कडा उंदराने खाल्लेल्या. शहाद्याच्या मुलाला मुकादमाच्या वहीवरचं ते अवॉर्ड मी व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्याचा पुरावा झाला, निकाल लागायचा आहे. स्कॅनर कुठे ठेवायचा यावर सध्या वाद चालू आहे. बार रूममध्ये पाण्याच्या फिल्टरजवळ एक प्लग मोकळा आहे, पण तिथे काही जण मोबाइल चार्जिंगला लावतात.